'एसेक्स'चे खलाशी वाऱ्याच्या उलट का गेले?

२० नोव्हेंबर १८२०. प्रशांत महासागर, विषुववृत्ताच्या जरासं दक्षिणेला, रेखांश सुमारे ११९ पश्चिम. अमेरिकेतल्या नॅन्टुकेट बेटावरून आलेलं 'एसेक्स' नावाचं देवमासे मारणारं जहाज एका नर स्पर्म व्हेलने दोन धडका देऊन फोडलं. ही गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असते. पण धडकेत एकही माणूस मेला नाही, हे फारसं सांगितलं जात नाही. जहाजावरचे वीसच्या वीस खलाशी तीन होड्यांत जिवंत उतरले. त्यांच्याकडे खायला होतं, प्यायला पाणी होतं, दिशा दाखवायला होकायंत्रं होती. वारा ज्या बाजूला वाहत होता त्या बाजूला साधारण १,२०० सागरी मैलांवर माणसं राहत असलेली बेटं होती. तरी अखेर घरी पोचले ते आठ.

बाकी बारा जण कशाने गेले, याचं उत्तर वारे, अक्षांश-रेखांश, किडनी आणि भीती या चार गोष्टींत आहे. त्या एकेक करून समजून घेतल्या तर एकोणिसाव्या शतकातल्या खलाशाचं समुद्राचं ज्ञान कुठवर होतं आणि कुठे संपत होतं, हे फार स्पष्ट दिसतं.

आधी जहाजाबद्दल. 'एसेक्स' जुनं होतं, लांबी जेमतेम ८७ फूट. त्या काळी अमेरिका-युरोपातले दिवे देवमाशाच्या तेलावर जळत, आणि सगळ्यात उत्तम तेल स्पर्म व्हेलच्या डोक्यातून निघे. (आपल्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात 'व्हेलच्या उलटी'ची तस्करी पकडल्याच्या बातम्या येतात, तो अंबरग्रीस याच जातीच्या पोटात तयार होतो.) नॅन्टुकेटच्या जवळपासचे देवमासे मारून संपत आले होते, म्हणून ही जहाजं दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला वळसा घालून प्रशांत महासागरात उतरायची आणि दोन-दोन, तीन-तीन वर्षं घरी परतायची नाहीत. 'एसेक्स' ऑगस्ट १८१९ मध्ये निघालं. कप्तान जॉर्ज पोलार्ड २९ वर्षांचा, कप्तान म्हणून ही त्याची पहिलीच सफर. त्याच्या हाताखालचा पहिला अधिकारी ओवेन चेस २३ वर्षांचा, हुशार आणि घाईचा. दुसरा अधिकारी मॅथ्यू जॉय. सगळ्यात लहान थॉमस निकरसन, जहाज बुडालं तेव्हा १५ वर्षांचा.

शिकारीची पद्धत अशी की मोठं जहाज थांबायचं आणि त्यावरून पंचवीसेक फुटांच्या हलक्या होड्या सोडायच्या. देवमाशाच्या मागे वेगाने वल्हवता यावं म्हणून या होड्यांच्या फळ्या अर्ध्या इंचाच्या, देवदाराच्या. दिवसभर पाठलाग करून संध्याकाळी जहाजावर ओढून घ्यायच्या, एवढंच त्यांचं काम. हजारो मैलांच्या प्रवासासाठी कुणी त्या बांधल्याच नव्हत्या. त्या दिवशी चेसची होडी देवमाशाच्या शेपटीने फुटली म्हणून तो जहाजावर परतून दुरुस्ती करत होता, तेव्हा त्याला तो मोठा नर दिसला. चेसच्या अंदाजाने त्याची लांबी ८५ फूट. स्पर्म व्हेलचे मोठे नर साधारण ५०-६० फुटांचे असतात, त्यामुळे हा आकडा घाबरलेल्या डोळ्यांचा असण्याची शक्यता आहे. पण धडक खरी होती. पहिली बाजूने, दुसरी थेट समोरून, नाळेवर. काही मिनिटांत जहाज एका अंगावर आडवं झालं.

ते लगेच तळाला गेलं नाही. पिंपांमधल्या तेलामुळे तरंगत राहिलं, आणि हे खलाशांचं नशीब. दोन दिवस ते अवशेषाला धरून राहिले. डोलकाठ्या तोडल्या, शिडाच्या कापडातून तिन्ही होड्यांना शिडं शिवली, लाटा आत येऊ नयेत म्हणून काठांवर अर्धा फूट उंचीच्या फळ्या ठोकल्या. सुमारे ६०० पौंड जहाजी बिस्किटं मिळाली. पीठ आणि पाणी एवढ्यावर भाजलेली, दगडासारखी कडक, महिनोन्‌महिने टिकणारी. गोड्या पाण्याची पिंपं मिळाली. गॅलापागोस बेटांवरून जिवंत धरून आणलेली राक्षसी कासवं होती. ती अन्नपाण्याशिवाय महिनोन्‌महिने जगत, म्हणून जहाजं ती ताजं मांस म्हणून सोबत ठेवत. प्रत्येक होडीच्या वाट्याला दोन कासवं आली. विल्यम बाँड नावाच्या काळ्या खलाशाने बुडत्या जहाजाच्या खोलीत शिरून कप्तान आणि चेस यांच्या पेट्या बाहेर काढल्या होत्या. त्यांत होकायंत्रं, नौकानयनाची पुस्तकं आणि सूर्याची उंची मोजायचे दोन क्वाड्रंट होते. त्याने जीव धोक्यात घालून ते काम केलं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

मग प्रश्न आला, जायचं कुठे?

इथे शाळेच्या भूगोलातले वारे आठवावे लागतात. विषुववृत्तावर तापलेली हवा वर जाते, तिची जागा घ्यायला दोन्ही बाजूंनी हवा येते, आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती तिरकी वळते. दक्षिण गोलार्धात हे वारे आग्नेयेकडून वायव्येला वाहतात. हेच पूर्वीय वारे, व्यापारी वारे. विषुववृत्तापासून साधारण २५ अंश दक्षिणेपर्यंत त्यांचं राज्य. त्याच्या आणखी खाली, तिशी-पस्तिशीच्या पुढे, पश्चिमी वारे लागतात, ते पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात. या दोन पट्ट्यांच्या मध्ये हवा जड होऊन खाली उतरते, तिथे वारा पडतो. त्याला अश्व अक्षांश म्हणतात. शिडाच्या होडीला तिथे दिवसचे दिवस एकाच जागी डुलत बसावं लागतं.

म्हणजे 'एसेक्स'च्या माणसांच्या पाठीशी वारा होता तो पश्चिमेला जाण्यासाठी. पश्चिमेला, साधारण १,२०० सागरी मैलांवर मार्केसास बेटं. तीसुद्धा सोडली तर आणखी पुढे, सुमारे २,००० मैलांवर, सोसायटी बेटं, म्हणजे ताहिती आणि आसपासची. पोलार्डने सोसायटी बेटांना जायचं म्हटलं. वारा अनुकूल, प्रवाहही पश्चिमेचा. महिनाभरात पोचता आलं असतं.

चेस आणि जॉय नाही म्हणाले. त्या बेटांवर नरभक्षक राहतात, असं त्यांनी ऐकलं होतं. बंदरांवर, जहाजांच्या डेकवर, एकाने दुसऱ्याला सांगितलेल्या गोष्टी. ताहितीवर तर १७९७ पासून इंग्रज मिशनरी वस्ती करून होते, पण ही गोष्ट नॅन्टुकेटच्या या माणसांना एक तर माहीत नव्हती किंवा तिच्यावर विश्वास नव्हता. हवाईचा विचार झाला, तर तिकडे हा वादळांचा हंगाम म्हणून ते सोडलं. चेसचा बेत असा: आधी दक्षिणेला सुमारे १,५०० मैल जायचं, पूर्वीय वाऱ्यांचा पट्टा ओलांडायचा, तिथे बदलते किंवा पश्चिमी वारे धरायचे आणि त्यांच्या जोरावर पूर्वेला वळून चिली किंवा पेरूचा किनारा गाठायचा. खाली जायला २६ दिवस, वळून किनाऱ्याला लागायला ३०. शिधा ६० दिवसांचा. हिशेब कागदावर जेमतेम बसत होता. पोलार्डने आपलं म्हणणं सोडलं.

मला चेसला मूर्ख ठरवायचं नाही. मोठ्या जहाजासाठी हा मार्ग अगदी योग्य होता; नॅन्टुकेटची जहाजं असंच जात-येत. चूक होती ती अर्ध्या इंचाच्या फळ्यांच्या, खोल कणा नसलेल्या होड्यांकडून मोठ्या जहाजाचं काम करून घेण्यात. शिडाचं कोणतंही जहाज थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. ते वाऱ्याला तिरकं धरून, नागमोडी वळणं घेत पुढे सरकतं, आणि पाण्याखालचा खोल कणा त्याला बाजूला घसरू देत नाही. या होड्यांना तसा कणा नव्हता. दक्षिणेला जायला तोंड केलं की आग्नेयेचा वारा त्यांना रोज थोडं थोडं पश्चिमेला ढकलत होता. याचा परिणाम आकड्यांत बघा. २२ नोव्हेंबरला ते ११९ अंश पश्चिमेच्या आसपासून निघाले. २० डिसेंबरला जमीन दिसली, तेव्हा ते १२८ अंश पश्चिमेला होते. महिनाभर उपाशी राहून, होड्या उपसून, ते दक्षिण अमेरिकेपासून सुमारे ९०० किलोमीटर आणखी लांब गेले होते.

आणि आपण इतके लांब आलो आहोत, हे त्यांना नीट कळतही नव्हतं. समुद्रावर जागा सांगायला दोन आकडे लागतात. अक्षांश काढणं सोपं: दुपारी सूर्य माथ्यावर किती उंच आला ते क्वाड्रंटने मोजायचं, पुस्तकातल्या तक्त्याशी जुळवायचं, झालं. रेखांश काढायला मात्र नेमकी वेळ माहीत असावी लागते. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. तुमच्या इथे भर दुपार झाली तेव्हा ग्रिनिचला किती वाजले हे माहीत असेल तर दोन्हींतला फरक तुम्हाला रेखांश देतो. त्यासाठी हलत्या जहाजावरही सेकंदांत चूक न करणारं घड्याळ हवं. अशी घड्याळं तेव्हा होती, पण महाग. या होड्यांत नव्हती. मग उरतो अंदाज: किती वेगाने, कोणत्या दिशेला, किती वेळ गेलो याचा हिशेब. वेग मोजायची गाठींची दोरी नाही, वेळ मोजायला वाळूचं घड्याळ नाही. त्यांनी तो हिशेबच सोडून दिला.

२० डिसेंबरला जे बेट लागलं त्याला ते ड्युसी समजले. ते होतं हेंडरसन. ड्युसी २४ अंश ४० मिनिटं दक्षिणेला, हेंडरसन २४ अंश २२ मिनिटांना. क्वाड्रंटवर दोन्ही जवळपास सारखीच. फरक सगळा पूर्व-पश्चिमेचा, साडेतीनशे किलोमीटरहून जास्त, आणि तोच मोजायचं साधन त्यांच्यापाशी नव्हतं. ही चूक पुढे तिघांच्या जिवावर बेतणार होती.

त्याआधी त्या महिन्यात माणसांच्या शरीराचं काय झालं ते सांगायला हवं. रोजचा वाटा ठरला होता: सुमारे पावणेदोनशे ग्रॅम बिस्किट आणि अर्धा पिंट पाणी, म्हणजे पाव लिटरला थोडं कमी. बिस्किटातून मिळणारी ऊर्जा पाचशे कॅलरींच्या घरात. सावलीत निजून राहिलेल्या माणसाचं शरीरसुद्धा श्वास, त्वचा आणि लघवी यांतून दिवसाला यापेक्षा कितीतरी जास्त पाणी घालवतं. हे तर उघड्या होडीत, उष्ण कटिबंधाच्या उन्हात, पाणी उपसत बसले होते. त्यात एका वादळी लाटेने चेसच्या होडीतली काही बिस्किटं भिजली. ती वाळवली, पण वाळताना पाणी उडालं आणि मीठ मागे राहिलं. टाकून देणं परवडणार नव्हतं, म्हणून ती आधी खायची ठरली. तिथून तहान असह्य झाली.

मिठाचं गणित असं आहे. रक्तात जास्तीचं मीठ आलं की किडनी ते लघवीतून बाहेर टाकते, पण लघवी किती खारट करता येईल याला मर्यादा असते. माणसाची किडनी समुद्राच्या पाण्याइतकी खारट लघवी तयार करू शकत नाही. म्हणून एक लिटर समुद्राचं पाणी प्यायलं तर त्यातलं मीठ फेकायला एक लिटरहून जास्त पाणी खर्च होतं, आणि ते पाणी शरीराच्या पेशींतून उपसलं जातं. मेंदूच्या पेशीही त्यातून सुटत नाहीत. आधी गोंधळ, मग भ्रम, मग झटके. खलाशांना हे शास्त्र ठाऊक नव्हतं, पण समुद्राचं पाणी प्यायलेला माणूस वेडा होऊन मरतो हे ठाऊक होतं, आणि बहुतेकांनी स्वतःला आवरलं. खारट बिस्किटांतून मात्र तेच मीठ पोटात जात राहिलं. जीभ सुजून तोंडात मावेना, लाळ सुटेना, बिस्किट चावलं तरी गिळता येईना, अशी अवस्था झाली. कासव मारलं तेव्हा काहींनी त्याचं रक्त प्यायलं. काहींना ते जमलं नाही. मांस कवचातच आग पेटवून शिजवलं.

चेसने लिहून ठेवलेला एक प्रसंग मला या सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वारा पडला होता, ऊन आग ओतत होतं. तिघं जण अंग गार करायला काठाला धरून पाण्यात उतरले. होडीच्या तळाला शिंपल्यासारखे बारीक जीव चिकटलेले त्यांना हाताला लागले. ते ओरबाडून काढून सगळ्यांनी अधाशासारखे कच्चेच खाल्ले. मग पाण्यातले तिघं वर यायला गेले तर दंडांत शक्तीच नाही. होडीचा काठ पाण्यापासून हाताच्या अंतरावर, तरी स्वतःला उचलता येईना. चेस आणि इतर दोघं वरच थांबले होते, कारण त्यांना पोहता येत नव्हतं. ते वर होते म्हणूनच या तिघांना ओढून आत घेता आलं. उपासमार पहिली स्नायूंवर येते ती अशी. साठवलेली साखर एका-दोन दिवसांत संपते, मग चरबी जळते, आणि चरबीबरोबरच शरीर आपले स्नायू मोडून ऊर्जा काढायला लागतं. हातापायांचे, आणि पुढे हृदयाचेही.

१९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ तरुण स्वयंसेवकांवर उपासमारीचा अभ्यास झाला. त्यांना सहा महिने रोज दीड हजारांच्या आसपास कॅलरी दिल्या. त्यांचं वजन सुमारे पावपट घटलं, पाय सुजले, थंडी वाजायला लागली, चिडचिड वाढली, दिवसरात्र डोक्यात फक्त जेवण. हे 'एसेक्स'च्या वाट्याच्या तिप्पट अन्न होतं, वर हवं तेवढं पाणी आणि झोपायला कोरडी गादी.

हेंडरसनवर त्यांना पाणी सापडलं ते अशा जागी जिथे कुणी शोधणार नाही: भरतीच्या रेषेच्या खाली, एका खडकाच्या भेगेत, ओहोटी लागल्यावरच उघडा पडणारा गोड्या पाण्याचा झरा. हे बेट पोवळ्याच्या चुनखडकाचं, चाळणीसारखं सच्छिद्र. पावसाचं पाणी त्यात मुरतं, खालच्या खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे त्याच्यावर थर करून राहतं आणि कडेने किनाऱ्यावर पाझरतं. मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्यात, भर समुद्रात, दूधबाव आणि साखरबावीचं गोडं पाणी ज्यांनी प्यायलं आहे त्यांना खाऱ्याच्या शेजारी गोडं याचं नवल वाटणार नाही. ओहोटीच्या वेळात धावतपळत पिंपं भरून घ्यावी लागत. पक्षी, अंडी, खेकडे, थोडा पाला, हे सगळं आठवडाभरात वीस तोंडांनी संपवलं.

इथून पश्चिमेला सुमारे २०० किलोमीटरवर पिटकेर्न बेट होतं. 'बाउंटी' जहाजावर बंड केलेल्या खलाशांची वस्ती तिथे होती. घरं, शेती, बायकामुलं, इंग्रजी बोलणारी माणसं. ती वस्ती १८०८ मध्ये जगाला कळली ती मेह्यू फोल्जर नावाच्या कप्तानामुळे, आणि हा फोल्जर मूळचा नॅन्टुकेटचाच. वाऱ्याबरोबर दोन-चार दिवसांत पोचता येईल इतक्या अंतरावर सुटका होती. पण ते स्वतःला ड्युसीवर समजत होते, आणि तोंड पूर्वेकडे होतं. हे वाचताना माझा जीव तुटतो.

थॉमस चॅपल, सेथ वीक्स आणि विल्यम राइट यांनी बेटावरच राहायचं ठरवलं. उरलेले सतरा २७ डिसेंबरच्या सुमारास निघाले. आता ईस्टर बेट गाठायचं होतं, पण वाऱ्याने त्यांना त्याच्या दक्षिणेला नेलं. मग चिलीजवळच्या हुआन फर्नांडेझ बेटांचा नवा बेत. ज्या पश्चिमी वाऱ्यांवर सगळी भिस्त होती ते कधी आले, कधी नाही. दक्षिण गोलार्धातल्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी, सूर्याबरोबर हे सगळे पट्टे खाली सरकतात. जिथे वारा मिळेल असं मानलं होतं तिथे पडलेली हवा लागते. १० जानेवारीला मॅथ्यू जॉय गेला. तो आधीपासूनच आजारी होता. १२ जानेवारीच्या रात्री वादळात चेसची होडी इतर दोघींपासून तुटली.

यापुढचा भाग मी लांबवणार नाही, पण टाळणारही नाही. पोलार्ड आणि जॉयनंतर त्याची होडी सांभाळणारा हेंड्रिक्स यांच्या होड्यांत अन्न संपलं. जानेवारी संपता संपता लॉसन थॉमस, चार्ल्स शॉर्टर, आयझाया शेपर्ड आणि सॅम्युअल रीड हे चौघं एकामागोमाग मेले, आणि उरलेल्यांनी त्यांची शरीरं खाल्ली. चौघंही काळे खलाशी. बुडालेल्या जहाजावरच्या सहा काळ्या खलाशांपैकी एकही वाचला नाही. कुणी त्यांना मारल्याची नोंद नाही. पण जहाजावर सगळ्यांना सारखं जेवण मिळत नसे. पुढच्या भागात राहणाऱ्या साध्या खलाशांना निकृष्ट अन्न, मागच्या भागातल्या अधिकाऱ्यांना चांगलं. अंगावर चरबीचा साठा कमी घेऊन होडीत उतरलेला माणूस आधी संपतो. वाचलेल्या आठांपैकी पाच नॅन्टुकेटचे होते, एकमेकांना लहानपणापासून ओळखणारे. बाकीचे तीन हेंडरसनवर राहिलेले. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही.

जानेवारीअखेर उरलेल्या दोन होड्याही वेगळ्या झाल्या. हेंड्रिक्सची होडी, ज्यात पेट्या वाचवणारा विल्यम बाँड होता, पुन्हा कुणाच्या दृष्टीला पडली नाही. पोलार्डच्या होडीत चौघं उरले. फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. त्या काळच्या खलाशांत हा रिवाजच मानला जाई: सगळेच मरणार असतील तर चिठ्ठी टाकून एकाने मरायचं. चिठ्ठी निघाली ओवेन कॉफिनची, वय सतरा-अठरा, पोलार्डचा मावसभाऊ. पोलार्डने त्याच्या जागी मरायची तयारी दाखवली, कॉफिनने ऐकलं नाही. गोळी घालायची चिठ्ठी चार्ल्स रॅम्सडेलला आली, तो त्याचा मित्र.

परतल्यावर पोलार्डवर कसलाही खटला झाला नाही. हा रिवाज कायद्याने फेटाळला तो १८८४ मध्ये, इंग्लंडात. 'मिन्योनेट' नावाची छोटी बोट बुडाल्यावर डडली आणि स्टीफन्स यांनी रिचर्ड पार्कर या १७ वर्षांच्या पोराला, चिठ्ठी न टाकता, तो आजारी म्हणून मारलं. न्यायालयाने सांगितलं की स्वतःचा जीव वाचवायची निकड हा खुनाला बचाव होऊ शकत नाही. फाशी सुनावली, मग ती सहा महिन्यांच्या कैदेवर आणली. आपल्याकडे एलएलबी करणाऱ्या मुलांना हा खटला आजही वाचावा लागतो.

चेसच्या होडीला १८ फेब्रुवारी १८२१ ला लंडनच्या 'इंडियन' जहाजाने गाठलं. तिघं जिवंत होते: चेस, बेंजामिन लॉरेन्स, निकरसन. कप्तानाने त्यांना आधी टॅपिओकाची, म्हणजे आपल्या साबुदाण्याची, खीर दिली. ते योग्यच झालं; उपाशी शरीराला एकदम भरपूर अन्न मिळालं तर रक्तातले क्षार झपाट्याने पेशींत ओढले जातात आणि हृदय बंद पडू शकतं. पाच दिवसांनी, २३ फेब्रुवारीला, चिलीच्या किनाऱ्याजवळ 'डॉफिन' जहाजाला पोलार्ड आणि रॅम्सडेल सापडले, मेलेल्या सोबत्यांची हाडं हातात घट्ट धरून बसलेले.

राहिले बेटावरचे तिघं. चिलीतल्या वाल्पराइसो बंदराला पोचलेल्यांनी सांगितलं की ते ड्युसीवर आहेत. सिडनीला निघालेल्या 'सरी' जहाजाच्या थॉमस रेन या कप्तानाला वाटेत तिथे डोकवायला सांगितलं. रेन ड्युसीला गेला, बेट रिकामं. तो परतू शकला असता. त्याऐवजी त्याने नकाशा पाहिला आणि अंदाज बांधला की अक्षांश बरोबर असेल, रेखांश चुकला असेल. त्याच अक्षांशाच्या आसपास पश्चिमेला जात तो हेंडरसनला पोचला आणि एप्रिल १८२१ मध्ये तिघांना उचललं. ओहोटीचा तो झरा होड्या गेल्यानंतर पुन्हा उघडा पडला नव्हता. खडकांच्या खळग्यांत साचलेल्या पावसाच्या पाण्यावर ते जगले होते.

पोलार्डला पुढे आणखी एक जहाज मिळालं, 'टू ब्रदर्स'. १८२३ मध्ये तेही हवाईच्या वायव्येला प्रवाळाच्या खडकांवर फुटलं. मग कुणी त्याला कप्तान केलं नाही. नॅन्टुकेटला रात्रीचा पहारेकरी म्हणून त्याने उरलेलं आयुष्य काढलं. जहाज बुडवणारा, भावाला खाणारा कप्तान अशी त्याची ओळख राहिली.

ही ओळख कशातून तयार झाली तेही पाहायला हवं. जगाने ही हकिकत वाचली ती चेसच्या लेखणीतून, १८२१ मध्येच छापलेली. तिच्यात वाऱ्याच्या उलट जायचा निर्णय सगळ्यांनी विचार करून घेतला असं येतं. पंधरा वर्षांचा निकरसन मोठा झाला, कप्तान झाला, आणि म्हातारपणी, १८७६ मध्ये, त्याने आपली हकिकत वहीत लिहिली. ती छापली गेली नाही, कुठेतरी पडून राहिली. १९६० मध्ये एका घराच्या माळ्यावर सापडली, ती त्याचीच आहे हे १९८० मध्ये ठरलं, आणि १९८४ मध्ये छापली गेली. त्या वहीत आहे की पोलार्डला सोसायटी बेटांना जायचं होतं आणि दोन्ही अधिकाऱ्यांनी त्याला अडवलं. आणि हेही आहे की सफरीच्या सुरुवातीलाच, नॅन्टुकेट सोडून दोन दिवस होतात न होतात तोच वादळाने जहाज कलंडून होड्या गेल्या, तेव्हाही पोलार्ड दुरुस्तीसाठी परत फिरू म्हणाला होता, आणि तेव्हाही त्याच दोघांनी त्याला पुढे जायला लावलं होतं. हे छापून आलं तेव्हा पोलार्डला जाऊन ११४ वर्षं झाली होती.